पुस्तकाला कंठ देणारी कला : अभिवाचन

(शिक्षक, ग्रंथालय कार्यकर्ते आणि ग्रामपंचायत सदस्य यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



चातुर्मासात पोथी लावण्याची प्रथा महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत फार जुनी आहे. दिवसभराची कामे उरकून दिवेलागण झाली की देवळात किंवा एखाद्या घराच्या ओसरीवर मंडळी जमत. एक जण पोथी वाची, दुसरा अर्थ सांगे आणि बाकीचे ऐकत. श्रीधरांचे ‘हरिविजय’, ‘रामविजय’ आणि ‘पांडवप्रताप’ हे ग्रंथ प्रामुख्याने अशा रीतीनेच घरोघर पोहोचले. ऐकणाऱ्यांपैकी कितीतरी जणांना अक्षरओळख नव्हती; तरीही कर्णाच्या रथाचे चाक केव्हा रुतले आणि अभिमन्यू व्यूहात कसा अडकला हे त्यांना पक्के ठाऊक असे. निरक्षर माणूस साहित्याला पारखा नव्हता, कारण साहित्य त्याच्यापर्यंत कानावाटे येत होते.

एकोणिसाव्या शतकात मराठी मुद्रण स्थिरावले आणि साहित्याचे स्वरूप पालटले. कादंबरी, लघुकथा, आत्मचरित्र, नवी कविता असे प्रकार उदयास आले. लौकिक जीवन हा साहित्याचा विषय झाला. हा लाभ फार मोठा आहे यात शंका नाही. मात्र त्याबरोबर एक हानीही झाली. वाचन मूक झाले. पोथीला वाचणारा होता आणि सांगणाराही होता. कादंबरीला दोघेही मिळाले नाहीत. ज्या शेतकऱ्याच्या आणि मजुराच्या जीवनावर लेखकांनी कथा लिहिल्या, त्या शेतकऱ्यापर्यंत आणि मजुरापर्यंत त्या कथा बहुधा गेल्याच नाहीत. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रातील साक्षरतेचे प्रमाण सुमारे ८२ टक्के होते. म्हणजे सात वर्षांवरील दर सहा व्यक्तींमागे एकीला तेव्हा लिहिता-वाचता येत नव्हते. शिवाय साक्षर म्हणून नोंद झालेले सर्वच जण पुस्तक हाती धरतात असेही नाही. कोणाची दृष्टी अधू झालेली असते, कोणाचा सराव सुटलेला असतो, तर कोणाला पुस्तक ही आपली वस्तू वाटतच नाही.

अभिवाचनाचा विचार या तुटलेल्या दुव्याच्या संदर्भात करावयास हवा. ही केवळ स्नेहसंमेलनातील करमणूक नव्हे. छापील साहित्य ज्यांच्यापर्यंत पोहोचलेले नाही त्यांच्यापर्यंत ते नेण्याचे ते एक साधन आहे, आणि त्यासाठी लागणारा खर्च अत्यल्प आहे.

अभिवाचन म्हणजे काय?

पुस्तक हाती ठेवून, श्रोत्यांसमोर, साहित्यकृतीतील अर्थ आणि भाव आवाजाच्या साहाय्याने प्रकट करणे म्हणजे अभिवाचन. ते साधे वाचन नव्हे, कारण साध्या वाचनात शब्द पोहोचले की काम भागते. ते नाटकही नव्हे, कारण नट वेष धारण करून स्वतःच पात्र होतो आणि रंगमंचावर वावरतो. अभिवाचक हा निवेदक आणि पात्रे यांच्या सीमेवर उभा असतो. म्हातारीचे वाक्य वाचताना तो म्हातारी होत नाही. ती श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे उभी राहावी एवढेच तो करतो. बाकीचे काम श्रोत्याच्या कल्पनाशक्तीने करावयाचे असते. तिच्यासाठी जागा शिल्लक ठेवणे हे या कलेचे मर्म होय.

एकपात्री प्रयोग आणि अभिवाचन यांतील भेदही ध्यानात घेण्याजोगा आहे. प्रा. लक्ष्मण देशपांडे यांनी ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ या प्रयोगात पन्नासहून अधिक व्यक्तिरेखा एकट्याने उभ्या केल्या. तो अभिनयाचा विलक्षण आविष्कार होता. परंतु ते नाटक होते. अभिवाचनात पुस्तक हातात असते, आणि ते असणे ही अडचण नसून या कलेची खूणच आहे. हे शब्द कोणा लेखकाचे आहेत, ते या पुस्तकात आहेत आणि हे पुस्तक गावच्या ग्रंथालयात मिळते, याचे स्मरण श्रोत्याला ते पुस्तकच करून देत असते.

प्राचीन शास्त्राचा दाखला

मोठ्याने वाचण्याच्या कलेचा विचार भारतात फार पूर्वीपासून झालेला आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक असे अभिनयाचे चार प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी वाचिक अभिनयाच्या विवेचनात ‘काकू’ ही संकल्पना येते. बोलणाऱ्याच्या स्वरातील बदलामुळे त्याच शब्दांना निराळा अर्थ प्राप्त होतो, तो काकू. हिचे साकांक्ष आणि निराकांक्ष असे दोन प्रकार मानले आहेत. वाक्य संपल्यावरही अर्थ पुरा झालेला नाही असे ज्या स्वरावरून जाणवते तो पहिला. ज्या स्वराने अर्थ पूर्ण होतो तो दुसरा.

एक साधे वाक्य घेतले तरी याचा प्रत्यय येईल. ‘रामाने आज शेत विकले.’ या वाक्यात ‘रामाने’ या शब्दावर आघात दिला, तर इतर कोणी नव्हे, रामाने विकले, असा अर्थ निघतो. आघात ‘आज’वर आला, तर आजवर राखलेले शेत अखेर आज गेले, असे जाणवते. ‘शेत’ या शब्दावर आला, तर बैल नव्हे, भांडी नव्हेत, प्रत्यक्ष शेत, असा अर्थ होतो. आणि ‘विकले’वर आला, तर गहाण ठेवले नाही, कायमचे घालवले, हे दुःख उमटते. कागदावर चार शब्द आहेत. त्यांत कुटुंबाच्या चार निरनिराळ्या कहाण्या आहेत. यांपैकी लेखकाला कोणती अभिप्रेत आहे हे मागचापुढचा मजकूर वाचून ठरवावे लागते. म्हणून अभिवाचनाची पहिली तयारी गळ्याची नसून समजुतीची असते.

वेदपठणाच्या संदर्भात रचलेल्या पाणिनीय शिक्षेत कनिष्ठ प्रतीच्या पाठकाचे सहा दोष दिले आहेत. गाण्याच्या चालीत वाचणारा, घाईने वाचणारा, डोके हलवीत वाचणारा, केवळ लिहिलेले पाहून वाचणारा, अर्थ न जाणणारा आणि क्षीण आवाजाचा, असे ते सहा जण होत. शाळेतील प्रकट वाचनाचे निरीक्षण करणाऱ्या कोणाही शिक्षकाला ही यादी आजची वाटेल. त्यातील चौथा दोष विशेष मननीय आहे. पुस्तक हाती असावे, पण डोळे त्यात अडकून पडू नयेत. वाक्याचा उत्तरार्ध नजरेने आधी टिपून तो श्रोत्यांकडे पाहत म्हणता आला पाहिजे. हे कसब सरावानेच येते.

मराठीतील वाटचाल

मराठी भाषेला बोलल्या जाणाऱ्या साहित्याचे वळण आरंभापासून आहे. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ.स. १२९० मध्ये सिद्ध झालेली ‘ज्ञानेश्वरी’ ज्ञानदेवांनी सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतली, अशी परंपरा आहे. नारदीय कीर्तनकारांनी पूर्वरंगात निरूपण आणि उत्तररंगात आख्यान अशी रचना करून एका माणसाच्या वाणीतून अनेक पात्रे बोलती केली. पुढे सत्यशोधक आणि आंबेडकरी जलशांनी समतेचा विचार अक्षरशत्रू मानल्या गेलेल्या समाजापर्यंत नेला, तोही प्रामुख्याने कानावाटेच.

आधुनिक साहित्याने ही वाट सर्वस्वी सोडली होती असे नाही. १९२३ साली पुण्यात स्थापन झालेल्या रविकिरण मंडळाच्या कवींनी कविता श्रोत्यांसमोर म्हणण्याची आवड समाजात रुजविली. नंतरच्या काळात विंदा करंदीकर, वसंत बापट आणि मंगेश पाडगांवकर यांनी एकत्र काव्यवाचनाचे कार्यक्रम गावोगाव केले. व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार यांनी कथाकथनाला रंगमंचावर स्थान मिळवून दिले. पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई यांनी बा. भ. बोरकर आणि बा. सी. मर्ढेकर यांच्या कवितांचे वाचन केले, तेव्हा दुर्बोध म्हणून बाजूला ठेवलेली मर्ढेकरांची कविता अनेकांना प्रथमच उमगली. वाचनात अर्थ सांगितलेला नव्हता. विराम योग्य जागी आले होते, एवढेच. आकाशवाणीनेही श्रुतिका आणि वाचनाचे कार्यक्रम यांच्याद्वारे केवळ आवाजाच्या बळावर प्रसंग उभा करण्याची शिस्त मराठी कलावंतांना लावली.

संहितेची निवड

प्रत्येक चांगले पुस्तक मोठ्याने वाचण्यास सोयीचे असतेच असे नाही. ज्या लेखनाची घडण बोलण्यासारखी आहे, ते नवख्या वाचकाने आधी घ्यावे. साने गुरुजींचे ‘श्यामची आई’ हे पुस्तक या दृष्टीने आदर्श होय. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या या पुस्तकात श्याम आश्रमातील सोबत्यांना रोज रात्री एकेक आठवण सांगतो, आणि म्हणून प्रकरणांना ‘रात्र’ असेच नाव आहे. पुस्तकच मुळी ऐकणाऱ्यांच्या वर्तुळासाठी रचलेले आहे. आठवड्यातून एक रात्र वाचली तरी शाळेचे जवळजवळ एक वर्ष पुरते. लक्ष्मीबाई टिळक यांची ‘स्मृतिचित्रे’ हीदेखील अशीच बोलकी आहेत. दुःखाचा प्रसंग सांगतानाही त्यांची भाषा घरगुती राहते. तेथे वाचकाने गळा भरून आणला तर लक्ष्मीबाईंचा संयम वाया जातो.

अभिवाचनाचे शिक्षण घेण्यासाठी मराठीत एक खास साहित्यप्रकार उपलब्ध आहे. ‘दिवाकर’ या नावाने लिहिणाऱ्या शंकर काशीनाथ गर्गे (१८८९-१९३१) यांनी इंग्रज कवी ब्राउनिंग याच्या नाट्यात्म स्वगतांपासून प्रेरणा घेऊन नाट्यछटा निर्माण केली. नाट्यछटेत एकच पात्र बोलते. समोर दुसरा माणूस असतो, पण त्याचे बोलणे लिहिलेले नसते. ते बोलणाऱ्याच्या उत्तरावरून ताडावयाचे असते. त्यामुळे वाचणाऱ्याला न लिहिलेली वाक्येही मनात ऐकावी लागतात. समोरच्याने काय विचारले, ते विचारण्यास त्याला किती वेळ लागला, ते ऐकून बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर काय उमटले, हे सर्व एका विरामात यावे लागते. शालेय स्पर्धांत नाट्यछटा पुष्कळ सादर होतात. परंतु पाठांतर आणि हातवारे यांवर भर दिल्यामुळे हा विराम बहुधा हरवतो. विराम म्हणजे रिकामी जागा नव्हे. श्रोत्याचे काम त्या वेळी चाललेले असते.

बोलीचा मान

अभिवाचनातील सर्वांत नाजूक प्रश्न बोलीचा आहे. व्यासपीठावर ग्रामीण बोली आली की श्रोत्यांनी हसावे अशी जणू रीतच पडली आहे. पात्र आजारी मुलाविषयी बोलत असले तरी त्याचे ‘व्हय’ आणि ‘न्हाई’ ऐकून सभागृहात खसखस पिकते. यात श्रोत्यांचा दोष थोडा आणि वाचणाऱ्याचा अधिक असतो. हेल फुगवून, उच्चार वेडावून त्याने हशाला आमंत्रण दिलेले असते. दया पवार यांच्या ‘बलुतं’ (१९७८) सारखे आत्मकथन वाचताना तर ही चूक अक्षम्य ठरते. ज्या जीवनाची नक्कल करण्याचा अधिकार वाचणाऱ्याला नाही, त्या जीवनापुढे त्याने स्वच्छ, सरळ आणि शांत स्वरात वाचावे. नक्कल करण्यापेक्षा तेच अधिक प्रामाणिक आणि अधिक परिणामकारक असते.

याच प्रश्नाची दुसरी बाजू शाळेत दिसते. घरी अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी किंवा आगरी बोलणारे मूल वर्गात उभे राहून पाठ वाचते, तेव्हा त्याच्या प्रत्येक उच्चाराची दुरुस्ती होते. दोन-तीन वेळा हशा झाला की ते मूल वाचायला उठत नाही. पुढे त्याला वाचनाची आवड नाही असा शेरा मिळतो. येथे अभिवाचन उपयोगी पडते. बहिणाबाई चौधरी (१८८०-१९५१) यांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांनी कामे करता करता रचलेल्या ओव्या त्यांचे पुत्र कवी सोपानदेव आणि इतर आप्तांनी लिहून ठेवल्या आणि १९५२ साली त्या आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाल्या. ही कविता खानदेशातील बोलीत आहे. ती वर्गात वाचावयाची झाली, तर ज्या मुलाच्या घरी ती बोली आहे तेच मूल सर्वांत अचूक वाचू शकते. अशा वेळी शिक्षकानेही त्याच्याकडून उच्चार शिकून घ्यावा. त्या मुलाला त्या दिवशी जे मिळते ते कोणत्याही पारितोषिकाने मिळणार नाही : आपल्या आईची भाषा पुस्तकात आहे, हे त्याला समजते.

याचा अर्थ प्रमाण भाषेच्या उच्चारांकडे दुर्लक्ष करावे असा नव्हे. ‘चाक’ आणि ‘चंद्र’ यांतील ‘च’ निराळा आहे, ‘जहाज’ आणि ‘जीव’ यांतील ‘ज’ निराळा आहे, ‘न’ आणि ‘ण’ यांत भेद आहे, हे शिकवलेच पाहिजे. फक्त प्रमाण भाषेतील संहिता प्रमाण उच्चारांनी आणि बोलीतील संहिता बोलीच्या उच्चारांनी वाचावी, एवढाच नियम आहे.

शाळा, ग्रंथालय आणि ग्रामपंचायत

महाराष्ट्रात १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला आणि त्यानंतर खेडोपाडी शासनमान्य ग्रंथालयांचे जाळे निर्माण झाले. अनेक ठिकाणी पुस्तके आहेत, कपाटे आहेत, नोंदवह्या आहेत. वाचक मात्र मोजके आहेत. १५ ऑक्टोबर हा दिवस २०१५ पासून वाचन प्रेरणा दिन म्हणून आणि २७ फेब्रुवारी हा मराठी भाषा गौरव दिन म्हणून साजरा होतो. त्या दिवशी भाषणे होतात आणि पुस्तकांचे प्रदर्शन मांडले जाते. वाचनाच्या महत्त्वावर तासभर बोलण्यापेक्षा तासभर वाचून दाखविणे अधिक उचित नव्हे काय?

महिन्यातून एक सायंकाळ निश्चित करावी. मंडळींची कामे आटोपल्यावरची वेळ घ्यावी. वाचन पाऊण तासाहून अधिक लांबवू नये. सावकाश वाचताना एका मिनिटात साधारणपणे शंभर शब्द होतात; त्यावरून उताऱ्याची लांबी ठरवावी. उतारा लहान करावयाचा असल्यास सलग परिच्छेद वगळावेत, लेखकाची वाक्ये बदलू नयेत. दोन किंवा तीन वाचक असावेत आणि त्यांत एक तरी स्त्री असावी. निवेदन एकाने आणि संवाद इतरांनी वाटून घेतल्यास ऐकणे सोपे जाते. निदान तीन वेळा एकत्र सराव करावा. पहिल्या वेळी केवळ अर्थावर चर्चा करावी, दुसऱ्या वेळी आघात आणि विराम यांच्या खुणा पुस्तकाच्या नकलेवर कराव्यात, तिसऱ्या वेळी खोलीच्या दुसऱ्या टोकाला एकास बसवून त्याला प्रत्येक शब्द ऐकू येतो की नाही ते पाहावे. ध्वनिक्षेपक नसला तरी चालेल. पुस्तकावर उजेड मात्र पुरेसा हवा. वाचन संपल्यावर लगेच आभार मानू नयेत. श्रोत्यांना बोलू द्यावे.

कायद्याची माहितीही संयोजकांना असावी. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी त्याच्या प्रकाशित लेखनावरील स्वामित्व हक्क संपतो. त्यामुळे दिवाकर, लक्ष्मीबाई टिळक, साने गुरुजी (१८९९-१९५०) यांचे साहित्य आता सर्वांना मुक्त आहे. हक्क शाबूत असलेल्या पुस्तकांच्या बाबतीतही १९५७ च्या स्वामित्व हक्क कायद्याच्या कलम ५२ नुसार प्रकाशित साहित्यातील वाजवी लांबीचा उतारा जाहीरपणे वाचणे हा हक्कभंग ठरत नाही. हौशी मंडळाने शुल्क न घेता केलेल्या सादरीकरणासही त्यात सवलत आहे. तिकीट लावावयाचे असेल किंवा ध्वनिमुद्रण प्रसारित करावयाचे असेल, तर मात्र लेखकाची वा त्याच्या वारसांची परवानगी आवश्यक असते. परवानगी नसली तरी लेखकाचे आणि पुस्तकाचे नाव सांगणे हे प्रत्येक वेळी कर्तव्यच आहे.

ग्रामपंचायतींनी यात एका गोष्टीकडे विशेष लक्ष पुरवावे. जुन्या काळी पोथी ऐकण्यास सारा गाव बसे असे म्हटले जाते; परंतु त्या वर्तुळात सर्वांना सारखी जागा नव्हती. काहींना उंबऱ्याबाहेर बसावे लागे आणि काहींना तेथेही येता येत नसे. नव्या वाचनासाठी जागा निवडताना हा इतिहास विसरता कामा नये. शाळेची खोली, ग्रामपंचायतीचे सभागृह किंवा ग्रंथालय, जेथे गावातील कोणीही संकोच न बाळगता येऊन बसू शकेल, तीच जागा योग्य होय. म्हाताऱ्यांना भिंतीला टेकून बसता यावे, स्त्रियांना अंधार पडण्यापूर्वी घरी परतता यावे किंवा परतताना सोबत मिळावी, अशा लहानसहान गोष्टींवरच उपक्रमाचे यश अवलंबून असते.

अभिवाचनाने एका वर्षात गाव वाचू लागेल अशी अपेक्षा कोणी बाळगू नये. परंतु पहिल्याच सायंकाळी एक गोष्ट निश्चित घडते. कपाटात बंद असलेल्या पुस्तकातील माणसे गावाला भेटतात, आणि गावातील जो माणूस पुस्तकाला दुरून नमस्कार करीत असे तो त्याविषयी आपले मत सांगू लागतो. मत सांगणारा श्रोता पुढच्या महिन्यात पुन्हा येतो, आणि येताना शेजाऱ्याला घेऊन येतो. ज्यांच्याकडे पुस्तके आहेत, जागा आहे आणि वाचता येते, त्यांनी आरंभ करावा. पहिल्या दिवशी दहाच श्रोते असले तरी हरकत नाही. त्या दहांसाठी उत्तम वाचावे.